प्रोव्होस्ट मावशीची शीव

"काल कौन्सिलमध्ये फार गोंधळ झाला ग," चहाचा कप माझ्यापुढे सरकवत मावशी म्हणाली. "त्या विणकराने पुन्हा उकिरडा हमरस्त्यावर आणून टाकला. कितीदा सांगून झालं. आता त्याला दंड करणार आहेत."

मी तिच्या बेसमेंटमध्ये राहायला येऊन एकच रात्र झाली होती. डेट्रॉइटजवळच्या त्या चकचकीत उपनगरात विणकर कुठून आला आणि उकिरडा कुठला, हे मला कळेना. मी आपलं घाबरत विचारलं, की माझी युनिव्हर्सिटीची बस त्याच रस्त्याने जाते का. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. तो विणकर, तो उकिरडा आणि ते कौन्सिल साडेतीनशे वर्षांपूर्वीचं होतं, आणि तेही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातलं. मावशीच्या लेखी मात्र ते सगळं कालच घडलं होतं, कारण तिने ते काल वाचलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी पोह्यांबरोबर मला त्या गावच्या ताज्या बातम्या मिळू लागल्या. पाववाल्याचा पाव वजनात कमी भरला. विहिरीवर कुणीतरी माशांची आतडी धुतली. गवताने शाकारलेल्या छपरांना आगी लागतात म्हणून ती काढायचा ठराव झाला, आणि ठराव करणाऱ्यांतल्याच काहींच्या घरांवर अजून गवत होतं. सकाळ-संध्याकाळ गावभर ढोल वाजवत फिरणारा कौन्सिलचा ढोलवाला नवा डगला मागत होता, आणि कौन्सिल त्याला दर बैठकीत पुढच्या बैठकीचा वायदा देत होतं. त्या डगल्याने माझी झोप उडवली. माझी परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी सकाळी उठून दात घासायच्या आधी जिना चढून वर जायची आणि विचारायची, मिळाला का त्याला डगला? मावशी चष्मा कपाळावर चढवून सांगायची, "धीर धर. आज त्यांनी घड्याळ-दुरुस्ती घेतलीय." ज्या दिवशी डगला मंजूर झाला त्या दिवशी आम्ही शिरा केला.

मावशी मूळची अमरावतीची. लग्न करून मिशिगनला आली. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, आणि ती एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात. तिथे एकदा स्कॉटिश वंशाच्या कुणा कुटुंबाने आपल्या पूर्वजांच्या गावच्या कौन्सिलच्या इतिवृत्तांचे फोटो देणगी म्हणून पाठवले. ती जुन्या वळणाची गिचमिड अक्षरं बघून सगळे मागे सरले. मावशीच्या वडिलांना मोडीचा नाद होता आणि लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तिने मोडी गिरवली होती, त्यामुळे वेड्यावाकड्या अक्षरांना घाबरायची तिला सवयच नव्हती. ती त्या पानांत शिरली ती शिरलीच. पुढे नवरा गेला, ती रिटायर झाली, मुलगी नेहा नोकरीसाठी जर्सी सिटीला गेली, आणि मावशी घरी बसून ती पानं वाचत आणि टाइप करत राहिली. त्या गावच्या नगराध्यक्षाला प्रोव्होस्ट म्हणत. मावशीच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी हा प्रोव्होस्ट यायचा, म्हणून मराठी मंडळात तिचंच नाव प्रोव्होस्ट मावशी पडलं. तिला ते मनापासून आवडायचं. नेहा मात्र फोनवर कुरकुरायची, "मॉम, यू नीड रिअल फ्रेंड्स." मावशी तिला शांतपणे सांगायची, की माझे मित्र खरेच आहेत, फक्त वारलेले आहेत.

पण ती नुसती वाचून गप्प बसणारी बाई नव्हती. त्या जुन्या कौन्सिलमध्ये बैठकीला उशिरा येणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. हे वाचल्यावर मावशीने तो नियम तडक मंडळाच्या कार्यकारिणीत आणला, आणि उशिरा येणाऱ्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे, असं ठरवून टाकलं. आमचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर होते आणि त्यांना वेळेवर येणं माहीतच नव्हतं. पहिल्या बैठकीला त्यांनी हसून हा विषय उडवायचा प्रयत्न केला. मावशीने त्यांच्या हातात स्क्रबर दिला. त्या दिवसापासून ते निमूटपणे सिंकपाशी उभे राहू लागले, आणि खरं सांगायचं तर मंडळाचे निम्मे निर्णय त्या सिंकपाशीच व्हायला लागले, कारण कप विसळणाऱ्या माणसाला फार वेळ भाषण करता येत नाही.

आमच्या गावच्या खऱ्याखुऱ्या सिटी कौन्सिलच्या सभांनाही ती न चुकता जायची. सभा घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसायची, तरी ही बया शाल गुंडाळून, बुडाखाली घ्यायची उशी काखोटीला मारून पहिल्या रांगेत जाऊन बसायची. बाकी खुर्च्या बहुतेक रिकाम्या असायच्या. एकदा बर्फ भुरभुरत असताना मला ड्राइव्ह करून तिला न्यावं लागलं, आणि विषय काय तर गटारांची झाकणं. मी वैतागून विचारलं, की यात बघण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "रिकाम्या खुर्च्यांपुढे चाललेला कारभार हळूहळू बिघडतो. माणसं वाईट नसतात ग. बघायला कुणी नसतं." त्यानंतर मी तिला कधी हा प्रश्न विचारला नाही, आणि गटारांच्या झाकणांत माझंही लक्ष लागलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिच्या सगळ्या खुळांमधलं राजेशाही खूळ म्हणजे शिवेची फेरी. त्या स्कॉटिश गावात वर्षातून एकदा कौन्सिलचे लोक आणि गावकरी मिळून गावाच्या शिवेवरून फिरायचे, कुणी घोड्यावर, कुणी पायी. शेजारच्या जमीनदाराने शिवेचा दगड हळूच आत सरकवला नाही ना, सामाईक कुरणात कुणी कुंपण घातलं नाही ना, हे सगळ्यांनी मिळून डोळ्यांनी बघायचं. आणि तरुण पोरांना जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून त्यांना म्हणे त्या दगडावर आपटायचे. मावशीने हे वाचलं आणि तिच्या अंगात आलं. आमच्या घरांच्या मागून एक पायवाट निघायची. ती तळ्याला वळसा घालून, जुन्या शेताच्या कडेने थेट लायब्ररी आणि तिच्या शेजारच्या इंडियन ग्रोसरीपर्यंत जायची. ही आपली शीव, असं मावशीने जाहीर केलं, आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्हा सगळ्यांना वाटेला लावलं.

काय ती फेरी. पुढे ढोल घेतलेला मंडळाचा एक मुलगा, मागे लेझीमवाल्या बायका, त्यांच्या मागे साड्या, जॅकेटं, बाबागाड्या, आणि आवाज ऐकून घराबाहेर आलेली शेजारची कोरियन मंडळी. माणसं आपटणं अमेरिकेत चालणार नाही म्हणून मावशीने ठेच्याचा डबा आणला होता. तळ्याच्या कोपऱ्यावर एक चमचा, वाकड्या मेपलपाशी एक चमचा, आणि लालभडक फायर हायड्रंटपाशी सगळ्यात तिखट. तिथे पाण्याचा एवढा मोठा नळ समोर असून प्यायला थेंब नाही, ही माझी अवस्था मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मावशीला तेच हवं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. एक धिप्पाड पोलीस गाडीतून उतरला आणि हा निषेध मोर्चा कशाबद्दल आहे म्हणून विचारू लागला. मावशीने त्याला सांगितलं, की निषेध नाही, आम्ही फक्त वाट जागेवर आहे का ते बघतोय. मग तोही आमच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत आला.

या वाटेचा खरा मालक म्हणाल तर देशमुख आजोबा. ते नागपूरहून मुलाकडे कायमचे राहायला आलेले. बायको गेलेली, मुलगा-सून दोघं शेजारच्या नोव्हाय शहरात नोकरीला, नातवंडं शाळेत, आणि आजोबा दिवसभर घरात. हायवेच्या कडेला फुटपाथ नाही, त्यामुळे गाडी नाही तर पाय नाहीत अशी गत. पण या वाटेने ते रोज लायब्ररीत जायचे, जगभरची मासिकं चाळायचे, आणि येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन यायचे. घरात कोथिंबीर इतकी साठायची की सून शेजाऱ्यांना वाटायची. ती त्यांना कधी नको म्हणाली नाही, याबद्दल मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं.

आणि मग त्या शेताची जमीन एका बिल्डरने घेतली. तिथे घरं होणार होती, भोवती उंच कुंपण येणार होतं, आणि कुंपणाच्या आत आमची वाट गडप होणार होती. योजना मंजुरीसाठी सिटी कौन्सिलपुढे आली. मावशीला कळलं त्या दिवशी तिने स्कॉटलंड बंद केलं. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं. ती दुपारी आजोबांच्या घरी जाऊन बसली. आजोबा म्हणाले, चालायचंच, आपली का जमीन आहे. घरी आल्यावर मावशी मला म्हणाली, की ती वाट गेली तर हा माणूस खिडकीशी बसून संपेल. एवढं बोलून ती भाषण लिहायला बसली.

तिथल्या सभेत कुणाही नागरिकाला बोलता येतं, पण तीन मिनिटं. मावशीने मायक्रोवेव्हचा टायमर लावून स्वयंपाकघरात तालीम केली. भाषण मला तोंडपाठ झालं होतं. सुरुवातीला त्या जुन्या कौन्सिलने मोकाट डुकरांचा बंदोबस्त कसा केला, याचं एक वाक्य, एकच. माणसांना निर्धास्त चालता यावं म्हणून त्यांनी एवढं केलं, तर आपणही वाट राखू या, असं म्हणून थेट मुद्द्यावर यायचं. फार सुंदर भाषण होतं. मी तिला म्हटलं, की तू हे म्हणालीस की काम फत्ते.

सभेच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. आमचं मंडळ, शेजारी, कोरियन मंडळी, सगळे. बिल्डरचा माणूस अतिशय सभ्य होता. त्याने रंगीत नकाशा दाखवला, त्यात वाट नव्हतीच. तो म्हणाला, की ती शेतात जायची जुनी गाडीवाट आहे, आता तिथून क्वचितच कुणी जातं. मग मावशीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली, मागे वळून तिने भरलेल्या खुर्च्या पाहिल्या, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता काही खरं नाही. इतकी वर्षं ती रिकाम्या हॉलमध्ये बसली होती. तिने डुकरांचं वाक्य म्हटलं. लोक हसले. मग तिने डुकरांच्या मालकांच्या सबबी सांगितल्या. लोक आणखी हसले, मेयरबाईसुद्धा हसल्या. मग एका सभासदाचंच डुक्कर गावभर कसं उंडारत होतं, ते आलं. मावशीचे गाल लाल झाले होते, हात हवेत होते, मी पहिल्या रांगेतून मनगटावर बोट आपटत होते, आणि ती मला बघतच नव्हती. टायमर वाजला. मावशी म्हणाली, "ती वाट," आणि माईक बंद झाला.

ती येऊन माझ्या शेजारी बसली. "घालवलं ग मी सगळं," ती म्हणाली. "वाटेपर्यंत पोचलेच नाही." मला तिच्यावर संताप आला होता आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. यातलं काहीच मला जमलं नाही, मी नुसती तिची उशी हातात घट्ट धरून बसले.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. देशमुख आजोबा उठले होते. त्यांनी नाव नोंदवलं नव्हतं, आणि चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मेयरबाईंनी त्यांना बोलायची परवानगी दिली. ते माईकपाशी गेले आणि त्यांनी मला खुणेने शेजारी बोलावलं. मग ते मराठीत बोलले, सावकाश, आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले.

"माझा मुलगा चांगला आहे. सून चांगली आहे. पण इथे मला कुठेही जायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं, की मला सोडाल का. फक्त या वाटेवर मी कुणाला विचारत नाही."

शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज फुटला आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं. आजोबा तीन मिनिटं संपायच्या कितीतरी आधी जागेवर जाऊन बसले. मग जे सुरू झालं ते आठवलं तरी आजही माझ्या अंगावर काटा येतो. एक नर्स उठली, ती रोज तळ्याच्या कोपऱ्यावरून ड्युटीला जायची. कोरियन आजी उठल्या. कप विसळणारे आमचे डायरेक्टर उठले, आणि त्यांनी वाट कुठे वळते, कुठे अरुंद होते, हायड्रंट कुठल्या बाजूला येतो, हे न बघता सांगितलं. कुणालाही नकाशा लागला नाही. शिवेच्या फेरीने प्रत्येकाच्या जिभेत ती वाट कायमची मुरवली होती. शेवटी मेयरबाईंनी विचारलं, की या वाटेने चाललेले किती जण इथे आहेत. सगळा हॉल हात वर करून बसला. बिल्डरच्या माणसाने मागे वळून बघितलं आणि त्याचाही चेहरा बदलला. घरांना मंजुरी मिळाली, पण वाट आहे तशी लोकांसाठी खुली ठेवायची, या अटीवर.

आम्ही पार्किंगमध्ये अक्षरशः नाचलो. ढोल कुणीच आणला नव्हता म्हणून डायरेक्टरसाहेबांनी गाडीच्या डिकीवर ताल धरला. मावशी आजोबांचा हात हातात घेऊन उभी होती आणि रडत रडत हसत होती. इतका आनंद मला माझी डिग्री हातात आली तेव्हाही झाला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मला अर्विंगला नोकरी लागली आणि मी टेक्सासला आले. मावशी रविवारी फोन करायची आणि त्या गावाचा आठवड्याचा वृत्तांत द्यायची. एका हिवाळ्यात ती झोपेतच गेली. नेहाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि मी सगळ्यांदेखत मोठ्याने रडले. मिशिगनला पोचले तर सगळीकडे बर्फ होतं, पण वाटेवरचं बर्फ सिटीच्या माणसांनी बाजूला केलेलं होतं. अंत्यसंस्कारानंतर नेहा, आजोबा आणि मी त्या वाटेने लायब्ररीपर्यंत चालत गेलो. नेहा आजवर त्या वाटेने कधी चाललीच नव्हती. ती म्हणाली, "शी नेव्हर टोल्ड मी इट वॉज ब्यूटिफुल." मावशीने तिला सांगितलं असणार, आणि नेहाने दुसरीकडे लक्ष असताना ऐकलं असणार. मला मावशीची फार आठवण येते. तिच्यासारखं उत्साहाने जगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

वाटेचा निकाल लागल्यानंतरच्या सभेचं मात्र सांगायचं राहिलं. सभेच्या सुरुवातीला आधीच्या सभेचं इतिवृत्त मंजुरीसाठी येतं. मावशी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत होती आणि मी तिच्या शेजारी. छापील प्रती दाराशी ठेवल्या होत्या. मी त्यातली एक उघडली. देशमुख आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, की कुणालाही न विचारता जाता येईल अशी त्यांना ही एकच वाट आहे. त्याच्या वरच्या ओळीत मावशीचं पूर्ण नाव होतं, आणि पुढे एवढंच, की मोकाट डुकरांबाबत बोलल्या.

माझा तिळपापड झाला. जिने आयुष्य असली इतिवृत्तं वाचण्यात घालवलं, जिने अख्खं गाव त्या वाटेवर चालवलं, तिच्या नावापुढे हे? दुरुस्ती सुचवायची तरतूद असते, आत्ताच्या आत्ता हात वर कर, असं मी तिच्या कानात सांगितलं. मावशीने आजोबांच्या ओळीवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा वाचली, आणि समाधानाने कागद मांडीवर ठेवला.

"यांचं नीट लिहिलंय. तेवढंच बघायचं होतं मला," ती म्हणाली. "आणि माझ्यापुढे खोटं काय लिहिलंय? डुकरांवरच बोलले मी. वाट राहिली ना? मग माझ्या नावापुढे डुकरं राहिली तर राहू देत."

मेयरबाईंनी विचारलं, की कुणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे का. मावशीने दोन्ही हात शालीत घेतले आणि ती स्वस्थ बसून राहिली. इतिवृत्त एकमताने मंजूर झालं.